दूरनियंत्रित कॅमेरा : आधी पासवर्ड, मग इंटरनेट

चेन्नई पोलिसांनी तत्कालीन आयुक्त ए. के. विश्वनाथन यांच्या कार्यकाळात (२०१७-२०२०) ‘तिसरा डोळा’ मोहीम राबविली. व्यापारी व रहिवाशांच्या सहभागातून शहरभर सीसीटीव्ही कॅमेरे बसविण्यात आले. दुकाने व गृहसंकुलांसाठी आता दुरून फिरविता येणारे ‘पीटीझेड’ कॅमेरेही उपलब्ध आहेत. मात्र कॅमेरा जो फिरवितो, त्याच्या हाती नजर असते. म्हणूनच जोडणीचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो. समुद्राची खारी हवा तर बारमाही असते. त्यामुळे बाहेरील कॅमेऱ्यास जलरोधक, न गंजणारे आवरण हवे. ‘पीओई’ पद्धतीत एकाच नेटवर्क केबलमधून वीज व चित्र १०० मीटरपर्यंत नेता येते.

कॅमेरा इंटरनेटशी जोडण्यापूर्वी कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा आणि सॉफ्टवेअर अद्ययावत करावे. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातील असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले होते.

त्यानंतर कॅमेऱ्यास स्थिर आयपी पत्ता द्यावा. पत्ता बदलल्यास चित्रमुद्रण खंडित होऊ शकते. घड्याळ नेटवर्कवरील प्रमाणवेळेशी जुळवावे, कारण वेळ चुकीची असल्यास चित्रफितीचे पुरावा म्हणून मूल्य घटते. शेवटी प्रवेशद्वार, वाहनतळ अशा ठरावीक दिशा जतन कराव्यात. शेजाऱ्यांच्या खिडक्या मात्र दृश्यातून वगळाव्यात.