प्रवेश मिळाला, पुढचे कोण सांगणार?

गणपतीच्या दिवसांत आमच्या दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण हमखास येतात. एक, मोदक आणि जागरण अंगावर आलेले चाकरमानी. दुसरे, पावसात भिजून तापलेली मुले. गेल्या वर्षी त्यांच्या रांगेत संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतली एकोणीस वर्षांची मुलगी आईबरोबर बसली होती.

"काय खातच नाय ओ डॉक्टर. रात्री झोप नाय. पोटात कळ येते म्हणते. गौरी आल्या तरी तोंडावर हसू नाय," आई सांगत होती. मुलगी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. वजन केले, मागच्या खेपेपेक्षा पाच किलोने कमी. रक्त, लघवी, थायरॉइड तपासून घेतले. सगळे रिपोर्ट चांगले आले. दोन दिवसांनी त्या परत आल्या तेव्हा आईला औषधे आणायला बाहेर पाठवले आणि मुलीला विचारले, "कॉलेज कसं चाललंय?" त्यावर ती जी रडायला लागली ती थांबेना.

ती दूरच्या एका शहरात बी.एस्सी. नर्सिंगला आहे. पहिल्या सत्रात शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राच्या पेपरात ती नापास झाली होती आणि घरी कुणालाच सांगितले नव्हते. दहावीपर्यंत मराठी माध्यम. वर्गात इंग्रजीतून धडाधड चाललेले कळत नव्हते आणि विचारायची लाज वाटत होती. खोलीतल्या मैत्रिणीने ऐकीव माहितीवर सांगितले की आता तुझे वर्ष गेले. वडिलांनी फीसाठी कर्ज काढलेले. मुलीने मनाशी ठरवले होते की विसर्जन झाले की परत जायचेच नाही. कुठेतरी दुकानात नोकरी धरायची आणि कर्ज फेडायचे.

वाचकहो, मला तिच्यात पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा मी दिसलो. इथल्याच शाळेत शिकून, बोर्डाचे गुण घेऊन मी वैद्यकीय कॉलेजात गेलो आणि पहिल्या एम.बी.बी.एस.ला अॅनाटॉमीत नापास झालो. अभ्यास कमी केला म्हणून नव्हे. मी जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून पाठ करायला बसलो होतो, आणि परीक्षा आली तेव्हा हात आणि पाय संपून छातीशी पोचलो होतो. डोके राहिलेच! काय आधी वाचावे, काय प्रेतावर बघून समजून घ्यावे, तोंडी परीक्षेत काय विचारतात, हे मला कुणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पुढे वसतिगृहातल्या एका वरच्या वर्गातल्या मुलाने एका संध्याकाळी कागदावर आठवड्यांचे कोष्टक आखून दिले. त्या एका कागदावर मी डॉक्टर झालो असे म्हटले तरी चालेल.

आमच्या वेळी पहिले एम.बी.बी.एस. दीड वर्षाचे असे. १९९७ च्या नियमांनी ते वर्षावर आणले. विषय तेच: अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. म्हणजे आजच्या मुलांकडे चुका करून शिकायला आमच्याएवढा वेळसुद्धा नाही. आयुर्वेदाच्या मुलांना निदान पहिले वर्ष दीड वर्षाचे आहे, पण त्यात रचना आणि क्रिया शारीराबरोबर संस्कृत आणि संहिताही येतात.

आपल्या कोकण मंडळाचा बारावीचा निकाल २०१२ पासून राज्यात पहिला येत आला आहे. त्याचा अभिमान आहेच. पण बारावीचा निकाल आणि आरोग्यशास्त्राचा अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारावीला धडा संपतो, प्रश्न ठरलेले असतात, घरी आई चहा करून देते. इथे सकाळी रुग्णालयात उभे राहायचे, दुपारी तास, आणि रात्री वसतिगृहात अभ्यास. हे गणित कुणीतरी पहिल्याच महिन्यात बसवून द्यावे लागते.

पालकांचाही मोठा घोटाळा होतो. थोरला मुलगा इंजिनिअरिंगला असतो, तिथे ए.टी.के.टी. घेऊन पुढे जातो, म्हणून धाकटीचेही तसेच असेल असे त्यांना वाटते. एम.बी.बी.एस.चे पहिले वर्ष सुटल्याशिवाय दुसऱ्यात जाता येत नाही. पुरवणी परीक्षेत सुटले तर मूल आपल्याच तुकडीबरोबर राहते, नाहीतर मागच्या तुकडीत बसावे लागते. २०२३ च्या नियमांप्रमाणे पहिल्या वर्षासाठी जास्तीत जास्त चार प्रयत्न आणि सगळ्या शिक्षणाला जास्तीत जास्त नऊ वर्षे मिळतात. हजेरी तासांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के लागते. त्यामुळे "घरी बसून अभ्यास करतो" ही पळवाट इथे चालत नाही. नर्सिंगचे मात्र वेगळे आहे. बी.एस्सी. नर्सिंगला आता आठ सत्रे आहेत. राहिलेला विषय घेऊन पुढच्या सत्राला बसता येते, पण काही टप्प्यांवर मागचे सगळे सुटलेले असावे लागतात.

म्हणजे त्या मुलीचे वर्ष गेलेलेच नव्हते! एक पेपर राहिला होता, एवढेच. ती दोन महिने जेवली नव्हती ती एका चुकीच्या माहितीवर.

आई परत आल्यावर मुलीनेच तिला सांगितले. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "एवढंच होय? मला वाटलं काय आजार झालाय." मग मी भिंतीवरचे कॅलेंडर काढून टेबलावर ठेवले. आधी पुढच्या परीक्षेचा महिना शोधला आणि तिथून मागे मोजत आलो. रुग्णालयाच्या पाळीचे दिवस तिने लाल पेनाने खुणावले. त्या दिवशी रात्री नवीन काही वाचायचे नाही, फक्त दिवसा जे पाहिले ते वहीत लिहायचे. उरलेल्या दिवशी राहिलेल्या पेपराला रोज एक तास, चालू विषयांना दोन. प्रत्येक धडा आधी मराठीत कुणाला तरी समजावून सांगायचा, मग आकृती काढायची आणि शेवटी इंग्रजीत चार ओळी लिहायच्या. इंग्रजीची भीती लिहिण्याने जाते, नुसत्या वाचनाने जात नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या, म्हणजे १९९८ साली स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाच्या, संकेतस्थळावर अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका पाहायला मिळतात. तिला ते माहीतच नव्हते. आणि झोप सात तास, हे डॉक्टर म्हणून मी पहिल्या ओळीत लिहिले.

शेवटची अट सगळ्यांत कठीण होती. परत गेल्यावर आपल्या एका शिक्षिकेकडे जाऊन "मी नापास झाले आहे, मला मदत करा" असे तोंडाने म्हणायचे. आता अनेक कॉलेजांत मुलांना शिक्षक वाटून दिलेले असतात, त्यांना मेंटॉर म्हणतात. पण आपली कोकणी मुले त्यांच्या दारापर्यंत जातात आणि चपला न काढताच परत फिरतात. पालकांनी फी विचारली तशी मेंटॉरचे नावही प्रवेशाच्या दिवशीच विचारून घ्यावे.

प्रवेशापूर्वीचेही थोडे सांगतो. डॉक्टर नाही तर काहीच नाही, हा हट्ट घरातल्या मोठ्यांनी सोडावा. एम.बी.बी.एस., दंतवैद्यक, आयुर्वेद आणि होमिओपॅथीला नीट लागते. बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याची वेगळी सी.ई.टी. आहे. फार्मसीची पदवी चार वर्षांची आणि पदविका दोन वर्षांची. तीन वर्षांच्या जी.एन.एम.ला विज्ञान शाखेचीच सक्ती नाही. अकरावीला गणित घ्यायचे की जीवशास्त्र, हे शेजारच्या मुलाने काय घेतले यावरून ठरवू नये. आणि कुठल्याही पॅरामेडिकल कोर्सला पैसे भरण्यापूर्वी त्याला मान्यता कोणाची आहे ते कागदावर पाहावे. या क्षेत्रासाठी २०२१ साली केंद्राने वेगळा कायदा केला आहे, तरीही नुसत्या रंगीत माहितीपत्रकावर भुलून आलेली मुले मी पाहिली आहेत. दोन वर्षांनी हातात येते ते प्रमाणपत्र कुठलेही रुग्णालय धरत नाही.

एक बरे झाले आहे. पूर्वी आम्हाला मुंबई, मिरज किंवा पुणे गाठावे लागे. २०१५ पासून डेरवणला आणि २०२३ पासून खुद्द रत्नागिरीत वैद्यकीय महाविद्यालय आहे. घरचे जेवण जवळ असणे हेही पहिल्या वर्षाचे औषधच आहे.

ज्या मुलांची झोप आणि भूक दोन आठवड्यांपेक्षा जास्त गेली आहे, त्यांना "अभ्यासाचा ताण आहे, जाईल" म्हणून सोडू नका. १४४१६ हा टेलिमानसचा फोन मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. आपल्या गावात मनोरुग्णालय असल्यामुळे त्या शब्दाची लहानपणापासून थट्टाच ऐकलेली असते, म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला रत्नागिरीकर जरा जास्तच लाजतो. तिथेही डॉक्टरच बसलेले असतात हो.

ती मुलगी विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी एस.टी.ने परत गेली. शिमग्याला आली तेव्हा दवाखान्यात डोकावून गेली. राहिलेला पेपर सुटला होता. दुसऱ्या सत्रातला एक विषय मात्र काठावर निघाला होता, तेही तिने न विचारताच सांगितले. वजन तीन किलोने वाढले होते. कॅलेंडर बदलले का विचारले, तर म्हणाली, नवीन वर्षाचे आहे, पण आता खुणा मीच करते.