आटत्या पाण्यातली भरलेली जाळी

होळी झाली की उजनी जलाशयाचे पाणी झपाट्याने मागे सरू लागते. भिगवण, कुंभारगाव, पळसदेव, कळाशी या इंदापूर तालुक्यातल्या काठच्या गावांत गाळपेराची जमीन उघडी पडते. होडी लावण्याची जागा दर आठवड्याला आत सरकते. जाळी खांद्यावर घेऊन चिखल तुडवायचा, पाण्यात बुडालेल्या जुन्या बाभळींच्या खुंटांतून ती सोडवायची आणि ऊन चढायच्या आत परतायचे, असे कष्टाचे हे दिवस असतात. तरीही याच दिवसांत जाळे जड लागणारे काही आठवडे येतात, आणि काठावर बोलले जाते की यंदा मासा चांगला आहे. हा समज चुकीचा आहे, आणि जलाशयाच्या भवितव्यासाठी घातकही. उन्हाळ्यात जाळ्यात सापडणारा मासा जलाशयात किती मासा शिल्लक आहे हे सांगत नाही. पाणी किती आकसले आहे, एवढेच तो सांगतो.

हे समजायला उजनीची ठेवण आधी पाहावी लागते. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात भीमेवर बांधलेले हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा आणि ६३ टीएमसीहून थोडा जास्त मृतसाठा. उपयुक्त पाण्यापेक्षा मृतसाठा मोठा, हे या धरणाचे वेगळेपण. धरण पूर्ण भरते तेव्हा पातळी ४९६.८३ मीटर असते आणि उपयुक्त साठा शून्यावर येतो तेव्हा ४९१.०३ मीटर. म्हणजे जवळपास ५४ टीएमसी पाणी अवघ्या ५.८० मीटर जाडीच्या थरात पसरलेले आहे. भीमेचे खोरे इथे सपाट आणि पसरट असल्यामुळे पातळी एक मीटर उतरली तरी पाण्याखालची फार मोठी जमीन कोरडी पडते. पुढे साठा ‘उणे’ होतो, तेव्हा मृतसाठा वापरायला सुरुवात झालेली असते. २०२३ च्या पावसाळ्यात धरण पूर्ण भरलेच नाही आणि २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे ६० टक्क्यांच्या घरात गेले. ही टक्केवारी उपयुक्त साठ्याच्या मानाने मोजतात. त्यामुळे उणे ६० याचा अर्थ असा की ११७ पैकी साधारण ३१ टीएमसी पाणी उरले. माशांच्या बाजूने पाहिले तर भरल्या धरणाच्या मानाने राहते घर पावपट उरले.

आता जाळ्याचा हिशेब. फासजाळे पाण्यात भिंतीसारखे उभे राहते आणि त्याच्या आसाच्या मापाचा मासा कल्ल्यांपाशी अडकतो. किती मासे अडकतील हे त्या भिंतीजवळून किती मासे जातात यावर, म्हणजे दाटीवर ठरते. एकूण संख्येशी जाळ्याचा थेट संबंध नसतो. समजण्यापुरते कल्पित आकडे घेऊ. दिवाळीत जलाशयाचे क्षेत्र १०० आणि मासे १०० धरले. एप्रिलपर्यंत क्षेत्र ४० वर आले आणि मासेमारी, प्रदूषण, नैसर्गिक मरण यांतून मासेही ६० वर आले. मासे ४० टक्क्यांनी घटले, पण दाटी मात्र दीडपट झाली. त्याच होडीला, त्याच जाळ्याला, तेवढ्याच वेळात दीडपट मासा मिळेल. घट प्रत्यक्ष होत असताना पकड वाढताना दिसेल, आणि मासेमाराचा अनुभव, जो एरवी सर्वांत भरवशाचा, तोच त्याला फसवील.

मत्स्यविज्ञानात याला हायपरस्टॅबिलिटी म्हणतात. माशांचा साठा खालावत असतो आणि प्रत्येक जाळ्यामागची पकड मात्र टिकून राहते. याची जबर किंमत कॅनडाने मोजली आहे. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरचा कॉड मासा घटत होता, पण उरलेले मासे दाट थव्यांनी एकत्र येत असल्याने ट्रॉलरांना तो मुबलक मिळतच राहिला. जुलै १९९२ मध्ये सरकारला त्याची मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३० हजार लोकांचे काम गेले. दक्षिण कॅलिफोर्नियात हौशी गळवाल्यांच्या आवडीच्या बास माशांच्या दोन जातींबाबत तेच घडले. अंडी घालायला ते ठराविक जागी जमतात आणि तिथे गळाला भराभर लागतात. साठा कोसळत असतानाही पकडीचे आकडे तो सुरक्षित असल्याचे भासवत राहिले, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. तिथे मासे प्रजननासाठी आपण होऊन एकत्र आले होते. उजनीत आटते पाणी त्यांना एकत्र आणते. परिणामात फरक नाही.

उजनीत ही दाटी क्षेत्रफळ घटल्याने होते, तशीच ती उभ्या अंगानेही होते, आणि तिचे कारण प्राणवायू आहे. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. उलट तापमान १० अंशांनी वाढले की माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते. त्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांच्यावाटे भीमेत आणि तिथून जलाशयात येते. त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजते आणि पाणी हिरवेगार होते. दिवसा हे शेवाळ प्राणवायू सोडते, रात्री तेच तो खाते. म्हणून पहाटे, सूर्य उगवायच्या जरा आधी, पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्या वेळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. हवेला चिकटून असलेल्या अगदी पातळ थरातले पाणी ते कल्ल्यांवरून घेत असतात. दुपारी वेगळेच संकट असते. शेवाळाने कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेतल्यामुळे पाण्याचा सामू ९ पर्यंत चढू शकतो. सामू ७ असताना पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी एक टक्काही विषारी रूपात नसतो. सामू ९ आणि तापमान २५ अंश असेल तर हाच वाटा एक तृतीयांशाच्या पुढे जातो. तळाशी कुजणाऱ्या गाळाने प्राणवायू संपवलेला, वरचा थर तापलेला, अशा वेळी वारा पडला की मासे मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात कोंबले जातात. चार्ल्स कूटंट या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८५ मध्ये तिथल्या जलाशयांतल्या पट्टेदार बास माशाबाबत हीच कोंडी मांडली होती. बारामतीजवळ माळेगाव खुर्द इथे २००९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था अशाच ताणांवर काम करते. उष्णता, अमोनिया आणि जड धातू एकत्र आले की पंगस माशाच्या शरीरावर काय होते, याचे प्रयोग तिथे झाले आहेत. एकेकटा सोसवणारा ताण दुसऱ्याच्या जोडीने भारी पडतो, हे त्यांतून दिसते.

यावर पहिला आक्षेप असा की खरा शत्रू प्रदूषण आहे, जाळ्यांना कशाला दोष द्यायचा? प्रदूषण शत्रू आहेच, आणि शहरांनी आपले सांडपाणी पूर्ण शुद्ध करूनच सोडले पाहिजे, यात दुमत असण्याचे कारण नाही. पण घाण पाण्याने मासा अशक्त होऊन एका पट्ट्यात गोळा होत असेल, तर त्याच पट्ट्यात जाळे टाकण्याचा परिणाम स्वच्छ पाण्यातल्यापेक्षा कितीतरी जास्त होतो. प्रदूषण जितके वाढेल, तितकी उन्हाळी मासेमारीत सावधगिरी जास्त लागेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. पाणी आटल्यावर मासे मरणारच, मग ते पकडले तर बिघडले काय? मुख्य पाण्यापासून तुटलेल्या डबक्यांपुरते हे शंभर टक्के खरे. तिथला मासा तडफडून मरण्यापेक्षा बाजारात गेलेला बरा, आणि तो जरूर पकडावा. पण भीमेचे मूळ पात्र आटत नाही. २०२४ च्या त्या भीषण उन्हाळ्यातही उजनीत उरलेले पाणी पुण्याला पाणी पुरवणाऱ्या खडकवासला साखळीतल्या चारही धरणांच्या उपयुक्त साठ्याहून, म्हणजे सुमारे २९ टीएमसीहून, थोडे जास्तच होते. तिथे पोचलेला मासा पावसाळा पाहू शकतो. आणि हा मासा साधा नसतो. मरळ, वांब, शिंगटा यांची वीण पावसाळ्यात होते, म्हणून चैत्र-वैशाखात त्यांच्या माद्यांच्या पोटात अंडी पिकत असतात. दिवाळीनंतर पकडलेली मादी त्या वर्षीची पिढी मागे ठेवून गेलेली असते. एप्रिलमध्ये पकडलेल्या मादीबरोबर पुढची पिढीही टोपलीत जाते. वजनकाट्यावर दोन्ही सारख्याच भरतात, जलाशयाच्या हिशेबात त्या सारख्या नाहीत.

तिसरा आक्षेप चिलापी या मासळीचा. ती बारमाही विते, कितीही पकडा, संपत नाही, असे म्हणतात. चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली गेली. तिचे यश तिच्या संगोपनात आहे. मादी फलित अंडी तोंडात घेते, पिले सुटी होईपर्यंत ती तिथेच सांभाळते आणि त्या काळात जवळपास उपाशी राहते. तिला पूर लागत नाही, वाहते पाणी लागत नाही. त्यामुळे आक्षेप खरा आहे, पण तो चिलापीपुरताच. कटला, रहू, मृगळ हे मूळचे उत्तरेकडचे मासे साचलेल्या पाण्यात वीत नाहीत, त्यांचे बीज सोडावे लागते, आणि सोडलेले बोटभर बीज वाढण्याआधीच वडापासारख्या बारीक आसाच्या जाळ्यांत गेले तर तो खर्च पाण्यात जातो. शिवाय चिलापीलाही ताण लागतो. दाटीत आणि सततच्या उपशात ती लहानपणीच वयात येते, आणि खाणे वाढीऐवजी अंड्यांत जाऊन आकार खुरटतो. तिची पिले खाऊन संख्या आवरणारे मरळ आणि शिंगटा आपण उन्हाळ्यात उपसले, तर चिलापी आणखी वाढते आणि आणखी बारीक होते. टोपल्या भरतात, पण बारीक मासळीला लिलावात भाव मिळत नाही.

राहिला पोटाचा प्रश्न, आणि तो सर्वांत आधी विचारात घेतला पाहिजे. काठच्या भोई-कोळी कुटुंबांना संपूर्ण उन्हाळा घरी बसा असे सांगणे अन्यायाचे होईल, आणि ते कोणी पाळणारही नाही. त्याची गरजही नाही. धरणाचा उपयुक्त साठा शून्यावर आला की मूळ पात्रातले सर्वांत खोल असे काही मोजके पट्टे, पहिला पूर येईपर्यंत, जाळ्यांपासून मोकळे ठेवावेत. बाकी सगळीकडे मोठ्या आसाच्या जाळ्यांनी मासेमारी चालू राहावी. डोह राखण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. महाड तालुक्यातल्या वाळणकोंडीच्या डोहातले महाशीर मासे वरदायिनी देवीचे मानून आजही कोणी पकडत नाही. त्या महाशीराची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्सने १८३९ मध्ये केली ती पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतल्या माशावरून, म्हणजे भीमेच्याच खोऱ्यातून. देवीच्या धाकाने जे तिथे टिकले, ते इथे मत्स्य सहकारी संस्थांच्या ठरावाने टिकवता येईल, कारण नुकसान होते ते त्यांच्याच सभासदांचे.

दुसरे काम नोंदीचे, आणि त्याला फारसा पैसा लागत नाही. धरणाची पातळी जलसंपदा विभाग रोज जाहीर करतो. भिगवणच्या बाजारात मासळीचे वजन रोज होते आणि अडतीवर पट्टी फाटते. जातवार वजन, माशाचा साधारण आकार आणि त्या दिवशीची पातळी हे तीन आकडे एकाच वहीत, एकाच ओळीत लिहिले गेले, तर तीन-चार वर्षांत कोणालाही दिसेल की पकड मासा वाढल्यामुळे वाढते की पाणी घटल्यामुळे. मत्स्यव्यवसाय विभागाने, मच्छीमार संस्थांनी आणि बारामतीच्या संशोधकांनी मिळून येत्या होळीपासून ही वही सुरू करावी. तोवर एप्रिलमधल्या भरल्या जाळ्यावरून जलाशयाची श्रीमंती कोणी ठरवू नये.