नोंदवहीतील नाव

रुग्णालयात रुग्णाच्या उशाशी रात्रंदिवस उभी असते ती परिचारिका. डॉक्टर येतात, नाडी पाहतात, औषध लिहून देतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. ते औषध वेळेवर व नेमक्या मात्रेत रुग्णाला मिळते की नाही, हे तिच्या हाती असते. रुग्ण कित्येकदा ग्लानीत असतो, त्याला काही कळत नाही. अशा वेळी तिने कर्तव्यात कसूर केली, तर जाब कोणी विचारावा? रुग्णालयाचे चालक फार तर तिला कामावरून दूर करतील; परंतु ती परगावच्या रुग्णालयात पुन्हा रुजू झाली तर?

इंग्लंडमध्ये या प्रश्नाचे उत्तर एका नोंदवहीच्या रूपाने मिळाले. परिचारिकांची सरकारी नोंदणी व्हावी, यासाठी एथेल गॉर्डन फेनविक यांनी १८८७ पासून चळवळ चालविली. नवल असे की, खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा तिला विरोध होता. परीक्षेने ज्ञान मोजता येईल, शील कसे मोजणार, हा त्यांचा आक्षेप. आणि तो मुळीच पोकळ नव्हता. तरीही १९१९ साली कायदा झाला, व नोंदवहीत पहिल्या क्रमांकावर फेनविकबाईंचेच नाव लागले. लिहिलेले नाव खोडताही येते. नाइटिंगेलबाईंच्या आक्षेपाला थोडेफार उत्तर मिळाले ते येथे.

आज संपूर्ण ब्रिटनची ही नोंदवही २००२ साली स्थापन झालेल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलकडे आहे. तक्रार आल्यास चौकशी होते, आणि गंभीर प्रकरण किमान तिघांच्या समितीपुढे जाते. त्यांत एक सदस्य या व्यवसायातील, तर एक बाहेरचा असतो. समितीपुढील प्रश्न मात्र न्यायालयातील प्रश्नाहून निराळा असतो. झाल्या गोष्टीबद्दल किती शिक्षा द्यावी, हा तिचा विषय नव्हे. या परिचारिकेच्या हाती उद्याचा रुग्ण सुरक्षित राहील काय, हे तिला ठरवायचे असते.

कल्पना करा, दोन परिचारिकांच्या हातून औषधाची मात्रा चुकली. पहिलीने तत्काळ डॉक्टरांना सांगितले, नोंद केली, आणि पुढे त्या विषयाचे शिक्षण पुन्हा घेतले. दुसरीने रुग्णाच्या तक्त्यातील आकडाच बदलून टाकला. चूक तीच, पण पहिलीची चूक सुधारण्याजोगी आहे, आणि अशा परिचारिकेवर पुष्कळदा कोणतीही कारवाई करावी लागत नाही. दुसरीचा दोष तिच्या प्रामाणिकपणात आहे. अज्ञान शिकवून दूर करता येते, अप्रामाणिकपणावर तसा सोपा इलाज नाही. म्हणून अशी प्रकरणे फार गंभीर मानली जातात.

कारवाईचा विचार सर्वांत सौम्य उपायापासून सुरू होतो. ताकीद एक ते पाच वर्षे नावापुढे राहते. काम चालू असते, पण ती कोणालाही वाचता येते. त्याहून कडक म्हणजे अटी, त्या तीन वर्षांपर्यंत. उदाहरणार्थ, देखरेखीवाचून औषध देऊ नये. त्यापुढे एक वर्षापर्यंतचे निलंबन. आणि शेवटी नाव काढून टाकणे. येथे ना तुरुंग, ना दंड. गुन्हा घडला असल्यास तो पोलीस व न्यायालय पाहतात. परंतु ज्या विद्येवर पोट चालते, तीच वापरण्याची मुभा जाते. तुरुंगापेक्षा हे हलके आहे, असे मला तरी वाटत नाही.

आपल्या देशात १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली. नोंदणी मात्र राज्यांच्या परिषदांकडे राहिली. महाराष्ट्रात त्यासाठी १९६६ चा अधिनियम आहे.

ब्रिटनमध्ये समितीचा निर्णय अमान्य असेल, तर २८ दिवसांच्या आत वरिष्ठ न्यायालयात दाद मागता येते. एकदा नाव गेले की, पाच वर्षे परत अर्जही करता येत नाही. त्यानंतर अर्ज केला, तरी आपण पुन्हा विश्वासास पात्र झालो आहोत, हे पटवून देण्याचा भार तिच्यावरच असतो.