बाबांचा कान बरा होईल का?

अंबरनाथच्या एमआयडीसीत वीस-पंचवीस वर्षं पॉवर प्रेस चालवलेल्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागतो. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांतही दिवसभर मशिनांचा खडखडाट. आता या कामगारांची मुलं मोबाइलवर ‘स्टेम सेलने बहिरेपणा बरा’ अशा जाहिराती पाहतात आणि विचारतात, बाबांचं होईल का?

आज तरी नाही. त्याचं कारण कानाच्या अगदी आत आहे. पडदा आणि तीन इवलीशी हाडं ओलांडली की गोगलगायीच्या शंखासारखी एक वेटोळी नळी लागते. तिच्यात सुमारे १५ हजार केशपेशी असतात : आतल्या बाजूला एक ओळ, बाहेरच्या बाजूला तीन. आवाजाच्या लाटेने त्यांच्या माथ्यावरचे सूक्ष्म केस कलतात, त्यातून विजेचा संदेश तयार होतो आणि नस तो मेंदूकडे नेते. जन्मतः मिळालेल्या या पेशींवरच आयुष्य काढायचं. रोज ८ तास ८५ डेसिबलच्या वरचा आवाज वर्षानुवर्षं कानावर पडला, की त्या मरत जातात आणि पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीच्या पिलात मात्र उगवतात! १९८०च्या दशकात हे लक्षात आलं आणि शास्त्रज्ञांची आशा पालवली.

त्या आशेतला मोठा टप्पा २०१२चा. इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठात मार्सेलो रिव्होल्टा यांच्या गटाने मानवी भ्रूणातल्या मूळपेशींपासून (म्हणजे स्टेम सेलपासून) कानाच्या नसपेशींचं बियाणं तयार केलं आणि ते जर्बिल या उंदरासारख्या प्राण्याच्या कानात सोडलं. त्या जर्बिलांची कानाची नस औषधाने मुद्दाम निकामी केलेली होती. दहा आठवड्यांत त्यांची ऐकण्याची क्षमता सरासरी ४६ टक्के सुधारली. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. पण त्यात ऐकणं सुधारलं ते नस दुरुस्त झाल्यामुळे. प्रेसवाल्याचं नुकसान मुख्यतः केशपेशींचं. तिथे नवी पेशी नेमक्या ओळीत, नेमक्या दिशेला तोंड करून बसायला हवी, नसेशी जोडली जायला हवी. शिवाय तिथला द्रव पोटॅशियमने इतका भरलेला, की बाहेरून आलेली पेशी त्यात तग धरणंच अवघड.

म्हणूनच जाहिरातींचा राग येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूळपेशींचा उपचार मान्य आहे तो रक्ताच्या आणि त्याच्याशी निगडित ठरावीक आजारांत. बाकी सगळं संशोधन. ते नोंदणी झालेल्या चाचणीतच करायचं आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत. कानाच्या इंजेक्शनसाठी लाखांचा आकडा सांगणाऱ्याकडे आधी चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा.

बाबांसाठी आज ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, आणि कानाचं मशीन आहे. जे अजून प्रेसवर उभे आहेत त्यांना इअर मफ हवेत, तेही रोज. पण उपचाराची खरी घाई आहे ती ऐकू न येणाऱ्या तान्ह्या बाळाची. भाषा शिकण्याची वर्षं सुरुवातीचीच. टाळीला दचकत नसेल, तर ‘बोलेल उशिरा’ म्हणून थांबू नका, बेरा ही ऐकण्याची तपासणी करून घ्या. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी केंद्राच्या एडिप योजनेतून, उत्पन्नाच्या अटीत बसल्यास, कॉक्लिअर इम्प्लांट मिळतं. ते काम पाहणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वांद्र्याला आहे. बदलापूरहून लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेने वांद्रे. बाळाची फाइल सोबत घ्या.