कण्हेर गेली, पतंगाचं काय?

अबू धाबीच्या कृषी व अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जून 2024 मध्ये कण्हेरीच्या लागवडीवर आणि विक्रीवर बंदी घातली. झाड विषारी, मुलाबाळांना आणि जनावरांना धोका, हे कारण रास्तच. पण या कण्हेरीवर एक देखणा पतंग पोसला जातो. त्याची अळी सदाफुली, तगर आणि अडेनियमवरही वाढते. त्यामुळे अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या बंगल्यांच्या बागांत तिला शोधायचं तर आता सदाफुलीची पानं उलटून पाहावीत.

कुंडीखाली जाडजूड लेंड्या आणि वर बोडक्या झालेल्या फांद्या ही पहिली खूण. मग बोटाएवढी हिरवी, बिनकेसाची अळी दिसते. कडेने पांढऱ्या ठिपक्यांची ओळ, शेपटाशी आखूड पिवळसर शिंग. धक्का लागला की ती डोकं आत ओढते, पुढचं अंग फुगवते आणि काळ्या कडांचे दोन निळे डोळे वटारते. ते डोळे नव्हेतच, पक्ष्यांना बिचकवणारी नक्षी आहे. ती डसत नाही. तिला हाताळल्यावर हात धुवायचे ते कण्हेरीच्या चिकासाठी.

कण्हेरीचं विष हृदयाच्या पेशींतला सोडियम-पोटॅशियम पंप बंद पाडतं. या अळीचा पंपही त्याला बळी पडणाराच, पण तिच्या मज्जातंतूंभोवतीचं आवरण विषाला आत शिरू देत नाही. मला तिची हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

पूर्ण वाढ झाली की अळीचा हिरवा रंग मातकट होतो. ती खाली उतरते आणि पालापाचोळ्यात विरळ रेशमी धाग्यांनी पानं जोडून कोष करते. बाग रोज लख्ख झाडली, तर तो केरात जातो.

बाहेर पडतो तो शेवाळी हिरव्या पंखांचा, गुलाबी-पांढऱ्या लहरींचा पतंग. पंख पसरले की साधारण दहा सेंटिमीटर. संध्याकाळी तो फुलासमोर हवेतच थांबून मध पितो. वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये त्याला कण्हेरीचंच नाव दिलं. पुढे कारवारच्या जंगलांत नोकरी केलेल्या टी. आर. बेल यांनी स्कॉट यांच्यासह लिहिलेल्या, 1937 च्या ग्रंथात भारतातल्या या पतंगकुळाची सविस्तर नोंद आहे. उन्हाळ्यात तो दक्षिण युरोपपर्यंत उडत जातो, तिथला हिवाळा मात्र त्याला सहसा सोसत नाही.

सदाफुलीवर अळी दिसली, तर फवारणी करू नका. खाल्लेली सदाफुली पुन्हा फुटते. कुंडीभोवतीचा थोडा पालापाचोळा तेवढा राहू द्या.