पऱ्हाटीच्या पानातली आवराआवर

पेशी जिवंत असेपर्यंत तिच्या आत मोडतोड आणि जोडणी अखंड चालते. प्रथिनांची घडी विस्कटते, ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका निकामी होतात. हा माल पेशी फेकून देत नाही. त्याभोवती दुहेरी पडद्याची पिशवी तयार होते, ती पाचक रसांच्या कप्प्यात रिती होते आणि सुटलेली अमिनो आम्ले नव्या प्रथिनांच्या कामी येतात. प्राण्यांत हा कप्पा म्हणजे लायसोसोम, वनस्पतींत पेशीची बहुतेक जागा व्यापणारी रिक्तिका. क्रिस्तियान द ड्यूव यांनी १९६३ मध्ये या क्रियेला ऑटोफॅजी, म्हणजे स्वभक्षण, असे नाव दिले. तिची जनुके योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये शोधली आणि त्यासाठी त्यांना २०१६ चे नोबेल मिळाले.

हे सगळे उघड्या डोळ्यांनी पाहायचे तर परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातल्या वालूरसारख्या गावचे काळे रान पुरेसे आहे. बोंडे भरू लागली, जमिनीतून नत्र कमी पडले आणि रात्री गार झाल्या की पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडावर, लाल्या दिसतो, पाने लाल पडतात. तुडतुडे नसतानाही पान लाल होते, ते या ओढाताणीमुळे. पानातले बहुतेक नत्र हरितकणांच्या प्रथिनांत असते. पेशी ती प्रथिने मोडते आणि नत्र बोंडातल्या सरकीकडे रवाना करते. हिरवा रंग ओसरतो, लाल रंगद्रव्य वर येते. मॅग्नेशियमची कमतरताही यात भर घालते, कारण हरितद्रव्याच्या गाभ्यात तेच असते. म्हणून वेळीच युरिया आणि मॅग्नेशियम सल्फेट फवारले तर पान टिकते. लाल्याला नुसता रोग म्हणणे अपुरे आहे. झाड आपल्या पोटचे पिलांना देत असते.

पान रिते झाले की देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर सैल होतो आणि पान गळते. कर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये पेशींच्या नियोजित मृत्यूला अपोप्टोसिस हा ग्रीक शब्द दिला, त्याचा अर्थही पानगळच.

प्राण्यांत अशी पेशी आक्रसते, तिचे पडद्यात गुंडाळलेले तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळतात. सूज येत नाही. एका सूक्ष्म कृमीच्या वाढीत ठरलेल्या १३१ पेशी अशाच मरतात. या कृमीवरील कामाला २००२ चे नोबेल मिळाले. वनस्पतीत पेशीभोवती भिंत असते, शेजारीण गिळू शकत नाही. मग रिक्तिकाच फुटते आणि पेशी आतून विरघळते. पऱ्हाटीच्या खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या अशाच घडतात: भिंत जाड होते, आतला जीव संपतो, पोकळी उरते. त्या पोकळीतून झाड पाणी पिते.

कापसाचा प्रत्येक धागा ही सरकीच्या सालीवरची एकच पेशी. फूल उमलते तेव्हा ती वाढू लागते, सुमारे तीन आठवडे लांबते आणि अडीच-तीन सेंटीमीटरपर्यंत जाते. पुढे आतून सेल्युलोजचे थर चढतात. बोंड फुटते तेव्हा पेशी मेलेली असते. आतला रस सुकतो, गोल नळी चपटी होऊन पिळा घेते. बोंड अवेळी सुकले तर भिंत पातळ राहते आणि धागा कच्चा निघतो. पूर्ण भरून मेलेल्या धाग्याच्या पिळ्यांमुळे तंतू एकमेकांत अडकतात आणि वेचलेल्या कापसाचे सूत निघते.