अळंबी उमलू द्या

पाऊस चांगला लागला की पनवेलच्या बाजारात आदिवासी बायका रानभाज्यांबरोबर अळंबीही घेऊन बसतात. पानांत बांधलेली अळंबी हाती लागली की आपल्या घरांत त्या दिवशी मटणाची आठवण येत नाही. खोबऱ्याच्या वाटणातलं अळंबीचं सालन आणि तांदळाची भाकरी हा योग वर्षातून दोन-चारदाच. म्हणून भावाची घासाघीसही फार होत नाही.

ही रानातली अळंबी बटण मशरूमसारखी शेडमध्ये पिकत नाही. ती वाळवीच्या वारुळावर उगवते. शास्त्रात तिचं नाव टर्मिटोमायसिस. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजे हाइम यांनी ते 1942 मध्ये दिलं. वाळवीला लाकूड आणि पालापाचोळा एकटीने नीट पचवता येत नाही. म्हणून ती जमिनीखाली त्याचं स्पंजासारखं पोळं रचते. पोळ्यावर ही बुरशी वाढते, लाकूड मऊ करते आणि मग वाळवी ते खाते. ही भागीदारी सुमारे 3 कोटी वर्षांची आहे. पावसाळ्यात त्याच पोळ्यातून लांब देठ वर येतो आणि त्यावर छत्री उघडते.

बाजारात मागणी असते ती न उमललेल्या कळीला, आणि इथेच घोटाळा होतो. छत्री उघडल्यावरच बीजाणू बाहेर पडतात. नवं वारूळ वसवणारी पंखवाली वाळवी बहुतेक जातींत सोबत बुरशी आणत नाही. तिच्या पहिल्या कामकरी पिल्लांना बाहेर पडलेले बीजाणू वेचून आणावे लागतात. सगळ्या कळ्या खुडल्या, तर नव्या वारुळाला बीज कुठून मिळणार? खणून काढताना पोळं फुटलं, तर जुनं ठिकाणही धोक्यात येतं.

गोव्यात या अळंबीला 'रोयण अळमी' म्हणतात. रोयण म्हणजे वारूळ. गोवा विद्यापीठातले बुरशीतज्ज्ञ डॉ. नंदकुमार कामत बेसुमार तोडणीबद्दल अनेक वर्षं सावध करत आले. 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यातून अळंबी विनापरवाना काढता येत नाही. हा कायदा आपल्या शेजारच्या कर्नाळ्यालाही लागू आहे. जगाचंही बुरशीकडे लक्ष उशिराच गेलं. मार्च 2025 मध्ये आययूसीएनच्या लाल यादीतल्या बुरशींची संख्या सुमारे 1,300 झाली. त्यांतल्या किमान 411 जाती नष्ट होण्याच्या धोक्यात आहेत.

दोष अळंबी विकणाऱ्या बाईला देऊ नये. तिचा चार दिवसांचा हंगाम, त्यावर घरखर्च. शिवाय शहर वाढताना टेकड्या कापल्या, विमानतळासाठी उलव्याची टेकडी गेली, ते काही तिने केलेलं नाही. मागणी मात्र आपली आहे, आणि ती बदलणं आपल्या हातात आहे.

उमललेली अळंबी मागा आणि तिला कळीइतकाच भाव द्या. दर ठिकाणी थोडी अळंबी मागे ठेवायला सांगा. रानातलं वारूळ मुलांना फोडू देऊ नका. अनोळखी अळंबी स्वतः तोडून शिजवू नका. लसूण किंवा चांदीचा चमचा काळा पडतो का, या परीक्षेने विष ओळखता येत नाही.

वाळवंटात आपोआप उगवणाऱ्या कमआ या भूछत्राला हदीसमध्ये 'मन्न'पैकी म्हटलं आहे. न पेरता मिळालेली नेमत ओरबाडून संपवायची नसते. पुढच्या पावसातल्या वाटेकऱ्यांसाठीही काही राखायचं असतं.